पुंजाजीचं चौदा दिवसांचं सुतक

उंद्रीचा पुंजाजी अर्धा खुळा होता, असं अजूनही कोणी ना कोणी चावडीपाशी बसून म्हणतं. जिभेला हाड नाही म्हणून माणसानं काहीही बोलावं काय? पुंजाजी खुळा नव्हता. उलट अमडापूरच्या रस्त्याला जे शेतकी कॉलेज होतं, त्या अख्ख्या आवारात सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करणारा माणूस शोधला असता तर तो एकटाच सापडला असता. त्या गुणानंच त्याचा घात केला. पोटच्या पोरीला त्यानं अकरा वर्षं हात लावला नाही. एकदा तिला कडेवर घ्यावं, एवढंच त्याला हवं होतं. कसं झालं ते नीट ऐका, मग त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

महाराष्ट्र राज्य तेव्हा दोन वर्षांचं होतं. कॉलेजात मातीचं शास्त्र शिकवायला पुण्याहून आपटे साहेब आले. ज्वारीचं अन् कपाशीचं झाड दिलेल्या खतातलं किती उचलतं अन् किती मातीत तसंच राहतं, हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी मुंबईहून किरणं सोडणारा फॉस्फरस येऊ लागला. बाटली शिशाच्या पेटीत, पेटी आगगाडीनं मलकापूरपर्यंत, तिथून जीपनं कॉलेजच्या फाटकापर्यंत. फाटकाच्या आत मात्र जीप बंद. आत हातगाडी, अन् हातगाडीला पुंजाजी.

त्या हातगाडीचे नियम इंग्रजीत टाइप करून भिंतीला चिकटवलेले होते. पुंजाजीला इंग्रजी येत नव्हतं. साहेबांनी एकदा मराठीतून सांगितले अन् त्यानं ते आरतीसारखे पाठ केले. गाडीला दोन माणसं. एक ओढणारा, एक पुढे लाल झेंडी घेऊन चालणारा. पोरं वर्गात असतानाच निघायचं. वसतिगृह, खानावळ अन् विहीर टाळून मागच्या बांधानं जायचं. वाटेत थांबायचं नाही, गाडी सोडून जायचं नाही, तोंडात तंबाखूसुद्धा धरायचा नाही. छातीला बिल्ला लावायचा. प्रयोग झाल्यावर कुंड्यांतली माती, झाडांचे बुडखे, फडकी अन् हातमोजे पिंपात भरायचे, पिंपावर तारीख घालायची अन् ते त्याच वाटेनं शेवटच्या टोकाला असलेल्या कोठीत नेऊन कुलूप लावायचं. मग हात कोपरापर्यंत दोनदा साबणानं धुवायचे अन् वहीत सही करायची.

"हे बघ पुंजाजी," साहेब म्हणाले होते, "ह्याला वास नाही, रंग नाही. दिसत नाही म्हणून नाही असं समजायचं नाही. पोराबाळांजवळ न्यायचं नाही, जेवणाच्या जागी न्यायचं नाही."

"हाव साहेब. पण हे मंग फिटते कधी?"

"चौदा दिवसांनी निम्मं राहतं. आणखी चौदा दिवसांनी त्याच्या निम्मं. पुरतं असं कधीच जात नाही. पण दहा वेळा निम्मं झालं, म्हणजे एकशेचाळीस दिवस झाले, की धरायला हरकत नाही."

साहेब पिंपाबद्दल बोलत होते. पुंजाजीनं ते आपल्या घरच्या शहाणपणानं समजून घेतलं. मढ्याला खांदा दिला की मढं मसणात राहतं, पण सुतक खांदेकऱ्याच्या अंगासोबत घरी येतं, हे त्याला आईच्या दुधाबरोबर कळलं होतं. शिवाशिवीचं सारं गणितच असं. वस्तूचं माणसाला लागतं, माणसाचं घराला लागतं. मग एवढ्या मोठ्या, मुंबईच्या सुतकाचं लागत नसेल काय? झेंडी धरणारा इंद्रभान त्याला हसला, तेव्हा पुंजाजीनं त्याला सुनावलं. "हातमोजे एकशेचाळीस दिवस कोठीत ठेवतेत ना बे? हातमोज्याले सुतक अन् आतल्या हाताले नाही, हे कुठलं शास्तर?"  इंद्रभान नुसता हात धुवायचा अन् भाकर खायला बसायचा. त्याला ना बायको होती ना पोर, त्याचं काय जात होतं.

तरीही सुरुवातीला पुंजाजी इतका कडक नव्हता. घरी जाऊन आंघोळ करायचा अन् आपल्या दोन वर्षांच्या पोराला, उत्तमला, खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचा. दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात गाडीच्या दिवशी तो घामेजून घरी आला, पोरगं धावत आलं अन् आंघोळीच्या आधीच त्यानं त्याला उचललं. रात्री उत्तमला जुलाब लागले, उलट्या लागल्या. तिसऱ्या दिवशी तो गेला. कावळा बसायला अन् फांदी तुटायला एक गाठ पडली, असं परका माणूस म्हणेल. ज्याची फांदी तुटली त्याला असं म्हणता येत नाही. पुंजाजीनं पोराला पुरलं, घरी आला अन् छपरीत वेगळी वाकळ अंथरली. त्याची बायको मनकर्णा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिला वाटलं, दुःखानं झालं असेल, होईल हळूहळू बरा.

मार्गशीर्षात पोरगी झाली. नाव ठेवलं रुख्मिणी. बाराव्या दिवशी पुंजाजीची आई अंबूबाई नातीला घेऊन छपरीत आली अन् म्हणाली, "घे रे, बाप हायेस ना." पुंजाजी उठून अंगणात गेला. परवाच गाडी ओढली होती त्यानं.

अन् इथंच तो अडकला बघा. दर पंधरवड्याला गाडी. पहिलं सुतक निम्म्यावर यायच्या आत दुसरं डोक्यावर. पावसाळ्यात ज्वारीच्या कुंड्या, हिवाळ्यात गव्हाच्या, उन्हाळ्यात कोठीची आवराआवर. एकशेचाळीस दिवसांची उसंत त्याला कधी मिळायचीच नाही. पोरगी रांगायला लागली तेव्हा त्यानं उंबऱ्याला फळी ठोकली. चालायला लागली तेव्हा आपल्या वाकळीपासून चार हातांवर चुन्याची रेघ ओढली अन् सांगितलं, "इथून अलीकडे यायचं नाही." तो रेघेच्या अल्याड, ती पल्याड. तिथूनच तो तिला चिमणीची गोष्ट सांगायचा. ती झोपली की आजी उचलून आत न्यायची, अन् हा तिच्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत बसायचा. मनातून तुटून जायचा तो. कोणाला सांगणार? बायकोला सांगावं, तर उत्तमला आपणच मारलं हे सांगावं लागणार. साहेबांना सांगावं, तर साहेब म्हणतील ह्यानं नियम मोडून पोराला हात लावलाच कसा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एकदा त्यानं धीर केला अन् बागेत बदली मागितली. हेडक्लार्क माणिकरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुंजाजी, मुंबईच्या परवान्यावर तुहं नाव टाइप केलेलं हाये. शिकवलेला माणूस एवढा एकच. तुले हलवलं तं ते पेटी देत नाहीत." साहेबांनी तर आल्या-गेल्यासमोर त्याची पाठ थोपटली. "नियम कसे पाळावेत हे आमच्या पुंजाजीकडून शिका," ते म्हणायचे. ह्या माणसाची छाती फुगायची, खोटं कशाला बोलावं. अन् घरी आला की तीच छाती बसायची.

रुख्मिणी चार वर्षांची असताना कडब्याच्या गंजीपाशी तिला विंचू चावला. मनकर्णा विहिरीवर गेली होती, अंबूबाईला एव्हाना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. पोरगी किंचाळत आली ती सरळ रेघेच्या अलीकडे, बापाकडे, दोन्ही हात वर करून. आदल्याच दिवशी गाडी झाली होती. पुंजाजी मागे सरकला, भिंतीला टेकला अन् त्यानं दोन्ही हात पाठीमागे धरले. तिथून तो शेजारच्या वच्छलाबाईला हाका मारत राहिला. वच्छलाबाई आली, तिनं पोरीला उचललं अन् डॉक्टरकडे धावली. जाताना तिनं त्याच्याकडे जे पाहिलं, ते त्याला जन्मभर पुरलं. पोरगी वाचली. पण बापाकडे हात वर करायची तिची सवय त्या दिवशीच मोडली.

त्या संध्याकाळी मनकर्णा त्याच्यासमोर उभी राहिली. "तुमी बाप हायेत का राखणदार? आज सांगाच मले."

त्यानं सारं सांगितलं. बिल्ला, चौदा दिवस, निम्म्याचं निम्मं, उत्तम. मनकर्णा ऐकत राहिली.  तिसऱ्या दिवशी तिनं त्याची थाळी वेगळी केली, लोटा वेगळा केला, धोतर वाळवायला अंगणाच्या पार कोपऱ्यात वेगळी दोरी बांधली. एक पोर गेलेली बाई ती, तिनं दुसरं काय करावं? पुंजाजीला वाटलं होतं, ती म्हणेल की असं काही नसतं हो. ती तसं म्हणाली असती तर त्यानं कदाचित ऐकलंही असतं. पण आता रेघेला दोघं राखणदार झाले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोक खडी फोडायला गेले, गुरं चाऱ्यावाचून मेली, अन् ज्या गोष्टीनं जग रडत होतं तिनं पुंजाजीच्या घरात आशा लावली. लाज वाटायची त्याला त्या आशेची. प्यायला पाणी नाही तिथे कुंड्यांना कुठून घालणार? साहेबांनी प्रयोग बंद केले. दिवाळी सरल्यावर शेवटची गाडी झाली अन् पुढची पेटी मागवायची नाही असं ठरलं. पुंजाजीनं बोटांवर मोजलं. एकशेचाळीसावा दिवस गुढीपाडव्याला पडत होता.

त्यानं छपरीच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारायला घेतल्या. रुख्मिणी आता नऊ वर्षांची, तिला मोजता येत होतं. "बाबा, शंभर झाल्या," ती पल्याडून सांगायची.

"पाडव्याले तुले खांद्यावर घेतो अन् अमडापूरच्या बजारापर्यंत नेतो."

"मी मोठी झाली ना आता. लोक हासतीन."

"हासू दे लोकाइले. मी घेतोच."

दुष्काळातसुद्धा त्या घरात बोलणंचालणं वाढलं. मनकर्णानं पाडव्यासाठी डाळ अन् मूठभर गूळ राखून ठेवला. एकशेवीस झाल्या, पंचवीस झाल्या. रंगपंचमी झाली. एकशेएकतीस.

त्याच दिवशी मुंबईहून तपासणीस आला. त्यानं कोठी पाहिली, भिंतीला तडा गेलेला पाहिला अन् फर्मावलं की सगळी पिंपं नव्या खड्ड्यात हलवा, आज, माझ्या डोळ्यादेखत. दिवाळी सरल्यावर भरलेली पिंपं त्यात होतीच, एकशेचाळीसाला नऊ दिवस कमी असलेली.  इंद्रभान पुंजाजीच्या कानात म्हणाला, "पोटात दुखून राह्यलं म्हण. सोड आजच्या दिवस." पुंजाजी आपटे साहेबांकडे गेला, हात जोडले अन् म्हणाला की आजची रजा द्या.

साहेब वैतागले, पण नाही म्हणाले नाहीत. "ठीक आहे. पेटी नाही, नुसती पिंपं आहेत. मग बागेतल्या शालिग्रामला बोलवा, तो ओढेल."

शालिग्रामला दोन लेकरं होती, एक तर अंगावर पिणारं. त्याला ह्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तो संध्याकाळी घरी जाईल अन् पहिल्यांदा लेकराला उचलेल, हे पुंजाजीला डोळ्यासमोर दिसलं. तो माघारी फिरला, बिल्ला लावला अन् हातगाडीच्या दांड्याला हात घातला. अकरा खेपा केल्या त्यानं त्या दिवशी. वाटेत एकदाही थांबला नाही.

घरी आल्यावर तो रेघेपाशी उभा राहिला. "पाडव्याले नाही जमत पोरी. आज गाडी झाली."

"मंग किती दिवस?"

"पुन्ना एकशेचाळीस."

रुख्मिणी "बरं" म्हणाली. तिनं ओलं फडकं आणलं, तो अंगणात जाईपर्यंत थांबली अन् भिंतीवरच्या सगळ्या रेघा तिनं स्वतः पुसून काढल्या. ती रडली असती तर पुंजाजीला बरं वाटलं असतं. जूनमध्ये पाऊस झाला, कुंड्या भरल्या अन् नवी पेटी आली. पुंजाजीनं पुन्हा कोळसा हाती घेतला नाही.

पुढच्या वर्षी आपटे साहेब पुण्याला परत गेले अन् त्यांच्या जागी हिंमतराव सर आले. लोणारकडच्या बीबी गावचे, कुणब्याचं पोर, तुमच्या-आमच्यासारखं बोलणारे. आल्यावर पंधरा दिवसांतच त्यांनी एक गोष्ट पाहिली. रोज दुपारी एक पोरगी येते, फाटकाजवळच्या दगडावर भाकरीचा डबा ठेवते, दहा पावलं मागे जाऊन उभी राहते, मग पुंजाजी येतो, डबा उचलतो, दोघं लांबूनच चार गोष्टी बोलतात अन् पोरगी निघून जाते. त्यांनी पुंजाजीला बोलावलं.

"पुंजाजी, ते पोट्टी कोनाची?"

"माहीच जी. रुख्मिणी."

"मंग जवळ काऊन नाही येत? घरच्या घरात कसला इटाळ पाळून राह्यले तुमी?"

इतक्या वर्षांत कोणी साहेबानं आपल्या बोलीत विचारलं नव्हतं. पुंजाजीनं सारं सांगून टाकलं. हिंमतराव सर ऐकता ऐकता खुर्चीवरून उठले. त्यांनी टिकटिक वाजणारं यंत्र आणलं. बाटलीजवळ धरलं तर ते तडतडायला लागलं. पुंजाजीच्या तळहातावर, छातीवर, डोक्यावर धरलं. रिकाम्या खोलीत अधूनमधून वाजायचं तेवढंच ते वाजत राहिलं.

"हे सुतक नोहे बावा, हा उजेड हाये," सर म्हणाले. "कंदील इझवला का उजेड आंगाले चिकटून घरी येते काय? हातमोजे कायले ठेवतेत? त्याले सांडलेलं लागलं असन म्हून. तुह्या हाताले लागलं असतं तरी साबणानं गेलं असतं, अन् तू तं दोन-दोनदा धुतले." मग त्यांनी कपाटातली फाइल काढली. बिल्ल्यावर किती किरणं पडली ते मोजायला तो दर महिन्याला मुंबईला जायचा, तिथून कागद यायचा, अन् तो इंग्रजी कागद फाइलला लागायचा. बारा वर्षांचे कागद होते. सरांनी एकेक वाचून दाखवला. धोक्याचं एकातही काही नव्हतं. एवढे कागद आले, पण ज्याच्या छातीवरचा बिल्ला त्याला ते वाचून दाखवावेत, असा नियम कोणी केला नव्हता.

पुंजाजी खाली फरशीवर बसला. "मंग माहा उत्तम कायनं मेला?"

"काय झालं होतं?"

"जुलाब. उलट्या. श्रावण होता."

"पाण्यानं मेला असन. श्रावणात अशी किती लेकरं जातेत. तू नाही मारला त्याले."

पुंजाजी रडला, तेवढ्यातच हसला, पुन्हा रडला. सरांनी त्याला त्या दिवशी लवकर सोडलं. उंद्रीचा रस्ता त्यानं जवळजवळ धावतच कापला. त्याला आधी कोणाला सांगावं हेही सुचत नव्हतं.

रुख्मिणी अंगणात धान पाखडत होती. अकरा वर्षांची पोरगी, आईसारखी उंच. पुंजाजी रेघ ओलांडून सरळ तिच्याकडे गेला. दोन्ही हात पुढे केले त्यानं. ती सूप टाकून चार पावलं मागे झाली.

"बाबा, आज बुधवार. गाडी होती."

"सुतक नाही पोरी. काहीच नाही. नव्या सरानं यंत्र लावून पाह्यलं. आजपर्यंत कधीच नव्हतं."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. लहान मुलाला समजवावं तशी ती बोलली. "यंत्राले दिसते का सारं? तुमीच तं सांगतलं ना, दिसत नाही म्हून नाही असं समजाचं नाही. सर नवे हायेत बाबा. त्याइले काय माहीत."

"सर बराबर सांगून राह्यले वं."

"असन. पण माय म्हणते, दादाले तुमी आंघोळीच्या आंधी घेतलं होतं." ती आणखी एक पाऊल मागे गेली. "तुमी दमून आले. बसा तिथं. तुमाले वाईट वाटते हे मले माहीत हाये. मले नाही वाटत. मले सवय झाली."

मनकर्णा दारात येऊन उभी होती. तिनं सारं ऐकलं. पुंजाजीचे हात अजून पुढेच होते. ते मागे घ्यावेत की तसेच ठेवावेत हे त्याला कळेना. जबरदस्तीनं धरावं तर पोरगी किंचाळेल, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. शेवटी तो रेघेच्या अल्याड जाऊन आपल्या वाकळीवर बसला. मग ती निवांत झाली, पल्याड बसली अन् सूप पुन्हा मांडीवर घेऊन शाळेतलं काहीबाही सांगायला लागली.